साडेसातची मालिका

बाबा,

मी ड्यूटीला निघाले. वॉर्डातली दुसरी नर्स रजेवर आहे, त्यामुळे यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

छतावरची नवी फुकट डिश तशी बरी आहे. बातम्या येतात, जुने सिनेमे येतात, रिचार्जची कटकट नाही. पण वारा सुटला की चित्र अडकतं, आणि आईची साडेसातची मालिका त्यात येत नाही. "फुकटात एवढं मिळतंय, आणखी काय हवं?" असं काल तुम्हीच म्हणालात, आणि साडेसातला बंद टीव्हीसमोर बसून राहिलात.

रिचार्ज हे निमित्त होतं, बाबा. आई गेल्यापासून त्या मालिकेचं गाणं लागलं की मला घरात थांबवत नाही. म्हणून तुम्हाला न विचारता जुनं कनेक्शन काढून टाकलं. तिची अर्धी राहिलेली मालिका तुम्ही तिच्यासाठी पुढे बघत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं.

पाच वाजता माणूस येऊन जुनं परत जोडून देईल, त्याला दार उघडा. यापुढे मालिकेच्या वेळी मी आतल्या खोलीत बसेन. माझ्यासाठी आवाज मात्र कमी करू नका.

धाकटी