रॅम्पचं कुलूप

दादास, धाकट्या बहिणीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

छापखान्यात माझ्या व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधला, हे कळवलंच होतं. त्यावरून कागदाची रिळं ढकलत हमाल जायला लागले, बाइंडिंगची पोटुशी बाई जायला लागली, गुडघेदुखीनं बेजार वॉचमनसुद्धा. तर साहेबांनी फाटक लावून कुलूप ठोकलं! म्हणे, "रॅम्प फक्त तुमच्यासाठी आहे." आणि किल्ली कुठे? वरच्या मजल्यावर! तोच वॉचमन कण्हत जिना चढून ती आणणार, तोवर मी उन्हात. डोकं आहे की खोकं?

काल मी हातोडीनं कुलूप फोडलं.

खोलीवर येते तो वहिनीचं पत्र. मी निघाल्यावर आठ दिवसांत आपल्या दारातली उतरती फळी तू काढलीस, "आता कुणाला लागते" म्हणून, आणि आई पायरीवरून पडली. अरे, रोज त्याच फळीवरून आई ये-जा करायची, तुला दिसलं नाही? पाय कसा आहे तिचा? खरं लिही.

फळी आजच्या आज लाव. मगच उरलेलं पत्र आईला वाचून दाखव, तुझ्याच तोंडानं.

तुझी,
चिडलेली धाकटी