भावजींच्या झाडांवरचे माझे वेल

९ जानेवारी
घोसात दाणे लाल व्हायला लागले. आठवड्याभरात तोडणी. कोलाडच्या व्यापाऱ्याने मिरीचा भाव सांगितला, मी दोनदा विचारून घेतला. सुपारीच्या वर! तेव्हापासून मोठे भावजी रोज बागेत. वाटणीत सुपारीची बाग त्यांना आली, आम्हाला भातशेती. सहा वर्षांपूर्वी बोलणं झालं होतं की बागेला पाणी मी घालायचं, बदल्यात त्यांच्या सुपारीवर मिरीचे वेल माझे. तेव्हा हसले होते. आज म्हणतात, "झाडं माझी हायत, मग वेल कुनाचं गो?" अर्धी मिरी हवी. म्हटलं, सहा वर्षांचं अर्धं पाणी घाला आधी.
कागद केला नाही. घरातल्या घरात कसला कागद! मूर्ख मी.

१३ जानेवारी
खालच्या ओळीतले सात वेल मलूल. परवापासून जास्तीचं पाणी घालतेय, तरी पानं लोंबलेलीच. आज बुंध्याची माती उकरली. वेल कापलेला. कोयत्याचा सरळ घाव, वर माती नीट लोटलेली. सातही तसेच. म्हणजे दोन दिवस मी मेलेल्या वेलांना पाणी पाजत होते. तिथेच बसून रडले. मग शिव्या दिल्या, त्यांच्या ओटीपर्यंत जातील अशा. भावजी ओटीवरून म्हणाले, "व्हय, मीच तोडलं. काय करशील?"
हे कंपनीत, सेकंड शिफ्टला. फोनवर म्हणाले, "जाऊ दे, भाऊ हाय माझा."

१४ जानेवारी
सकाळी कोयता घेऊन गेले. त्यांच्या सुपारीवर घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला भावजी धावत आले, केस धरून मागे ओढलं, पाटाच्या चिखलात तोंड दाबलं. पाठीत लाथ. श्वास बंद. कोयता हातात होता, न बघताच मागे फिरवला.
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं. एक लोंबत होतं, एक पाटात पडलं. जाऊबाई किंचाळत आल्या. मी उभी राहिले, तोंडातला चिखल थुंकला. वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला लिहू.

१७ जानेवारी
भावजी रोह्याला दवाखान्यात. एक बोट शिवलं, एक गेलं. पोलीस येतील म्हणून मी दोन साड्या पिशवीत भरून बसलेली. कोणी आलं नाही. जाऊबाई सांगून गेल्या, डॉक्टरला सांगितलंय नारळ सोलताना कोयता सुटला. "बाईनं बोटं तोडली, कुठल्या तोंडानं सांगतील?"
हे म्हणतात, उरलेले वेल देऊन टाक. माझा ओठ फाटलाय, त्याकडे एकदाही बघितलं नाही. देणार नाही.

२४ जानेवारी
अकरा वेल उरलेत. दाणे पिकून गळतायत, पाखरं खातायत. दोन दिवसांत काढली नाही तर यंदाची मिरी गेली. जाऊबाई कुंपणाशी आल्या, इकडे तिकडे बघत. "तोडायला येऊ नको गो. डाव्या हातानं कोयता चालवायला शिकतायत. केळींवर."
सकाळपासून ऐकतेय. आधी घाव चुकत होते. दुपारनंतर एकेका घावात केळ आडवी होतेय.
ह्यांना म्हटलं, उद्या रजा घ्या, खाली उभे राहा. "शिफ्ट हाय," म्हणाले.
शिडी काढून ठेवलीय. उजाडलं की जाणार. वर चढलं की दोन्ही हात मिरीत असतात, आणि पाठ त्यांच्या ओटीकडे.