मांजरीच्या जेवणाची वही

नाना, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तुमच्यासमोर जेवायला बसलं की मान खाली घालून जेवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता माझीच सत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, आणि ज्या गोष्टीसाठी भांडायचं ती मला समजलीच मुळी गेल्या वर्षी. म्हणून उशीर झाला.

धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यामागचं आपलं क्वार्टर आठवा. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी, पडवीतून दिसणारा बैल बांधायचा लाकडी खोडा. मी बारा वर्षांची. आग्रा रोडवरच्या कापड दुकानाच्या शेठाणी एके दिवशी सकाळी करंडी घेऊन आल्या. करंडीत मांजर. पांढरी-भुरी, मानेचे केस गेलेले, कानामागे लाल चट्टे, खाजवून खाजवून रक्त काढलेलं. पोट बिघडलेलं, दर दोन दिवसांनी उलटी. तुम्ही तिला टेबलावर घेतलंत. एखादा बैलही तुम्ही इतक्या मनापासून तपासला नसेल. आधी मलमाकडे हात गेला नाही तुमचा. तुम्ही विचारलंत, "ही खाते काय?" शेठाणी म्हणाल्या, "दूध-रोटी. घी लगाके." तुम्ही सांगितलंत, मांजरीला मांस लागतं, हिच्या कातडीचं दुखणं पोटातून आलंय. त्यांनी कानांवर हात ठेवले. "हमारे घर में ये नहीं चलेगा, डॉक्टरसाब." मग डोळ्यांना पदर लावून करंडी तिथेच ठेवून गेल्या, आणि तुम्ही ती उचलून घरी आणलीत.

त्यानंतरचे सहा-सात महिने मला आजही रोजच्या रोज आठवतात, कारण ते मीच लिहून ठेवत होते. तुम्ही मला शंभर पानी वही दिलीत आणि शाईचं पेनही दिलंत. आयुष्यात तुम्ही मला स्वतःच्या हातानं दिलेल्या वस्तू त्या दोनच. तारीख, काय खाल्लं, किती खाल्लं, शी कशी, उलटी झाली का, खाजवते का. पहिला दीड महिना फक्त उकडलेलं बकऱ्याचं मांस आणि पाणी. ते शिजवायला पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं जर्मनचं पातेलं. शिजवायची आई. तिला त्या वासानं मळमळायचं, ती नाकाला पदर लावून ढवळत राहायची. दीड महिन्यानं मानेवर मऊ लव आली. तुम्ही मला बोलावून दाखवलीत, तिच्यावरून बोट फिरवायला लावलंत. मग म्हणालात, "आता एकेक वस्तू परत द्यायची. एका वेळी एकच. म्हणजे चोर सापडतो." दूध दिलं, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. दूध बंद. भात दिला, काही झालं नाही. मग पोळीचा तुकडा, मांसाच्या पाण्यात भिजवून. नवव्या-दहाव्या दिवशी ती कान खाजवू लागली, पुढे उलट्या, पुन्हा चट्टे. पोळी बंद केली, महिन्याभरात चट्टे गेले. एवढ्यावर तुमचं समाधान नाही. "एकदा झालं तर योगायोग असेल," म्हणून तुम्ही तिला परत पोळी दिलीत आणि परत तेच झालं.

त्या संध्याकाळचं जेवण तुम्हाला आठवत असेल, निदान मला तसं धरून चालायचं आहे. तुम्ही पाटावर, मी शेजारी, आई चुलीपाशी पोळ्या लाटते आहे. तिच्या कोपरांवर आणि मनगटांवर बारीक फोड आहेत, फुटून खपल्या धरलेले. ती लाटता लाटता कोपर गुडघ्यावर घासते. तुम्ही खुशीत आहात. "सापडलं," तुम्ही म्हणता, "हिला गहू सोसत नाही. साधी गोष्ट. गहू बंद, रोग बंद."

आईचं लाटणं थांबतं. ती तुमच्याशी बोलताना तुमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची, पण मनातलं बोलायचं झालं की तिची अहिराणी यायची. "माले बी तसंच व्हस," ती म्हणते. "पोळी खाधी का पोट फुगस. अंगले खाज सुटस."

तुम्ही आधी तिच्याकडे बघितलंत. मग हसलात. "मग काय, तुलाही वहीत घालू?"

मीही हसले, नाना. तुम्ही हसलात की आम्हाला हसायची परवानगी असायची आणि ती क्वचित मिळायची.

तिनं पुढची पोळी लाटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून तिच्यासाठी मलमाची डबी आणलीत, जनावरांच्या खरजेची, पिवळी, गंधकाचा वास येणारी. दिवसातून दोनदा लाव म्हणालात. तिनं लावली. खाज तशीच राहिली, वर कातडी सोलून निघाली.

भाकरी आपल्या घरात का नव्हती, ते मला ठाऊक आहे. तुमचं लहानपण दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून शिळी भाकरी खाण्यात गेलं होतं. "भाकरी खाऊन शिकलो ते पोळी खायला मिळावी म्हणून," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. डॉक्टरच्या घरी गव्हाची पोळी, दोन्ही वेळा. ज्वारीचं पीठ घरात आलेलं तुम्हाला खपायचं नाही. आईचं माहेर चोपड्याकडं, सातपुड्याच्या पायथ्याला. तिकडे कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेली. तिच्यावर मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याचं तेल. त्यानंतरच्या वर्षी मामाच्या लग्नाला ती मला घेऊन गेली आणि उन्हाळाभर राहिली. आजीनं तिला बघितल्या बघितल्या मला विचारलं होतं, "इले खावाले देतस का नही?" मी म्हटलं, देतात की, आमच्याकडे रोज पोळी असते. दीड महिन्यात आईचे गाल भरले. कोपरं स्वच्छ झाली. ती मामीबरोबर विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायची आणि जेवून उठली की पोटावर हात न दाबता सरळ उभी राहायची. मी ते पाहिलं होतं. पण वहीत तिचं पान नव्हतं.

परत आलो तेव्हा तुम्ही दारातच तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत. तेवढ्यात दिसलं तुम्हाला सगळं, दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. कातडी बरी झालेली तुमच्याइतकी पटकन कोणाला कळणार? तुम्ही म्हणालात, "माहेरी बरी असतेस. दुखणं फक्त माझ्या घरात." पंधरा दिवसांत ती पुन्हा आडवी झाली तेव्हा म्हणालात, "नाटकं." आणि त्यानंतर तिला माहेरी पाठवणं बंद केलंत. बारशाला नाही, दिवाळीला नाही. आजी गेली तेव्हा तीन दिवस, तेही तुम्ही बरोबर जाऊन.

मी किती वेळा तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला आहे. गव्हानं माणूस असा झिजतो, हे तेव्हा आपल्याकडच्या माणसांच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. तुम्ही तर गुरांचे डॉक्टर. न कळल्याबद्दल माझा राग नाही. पण मांजरीला तोंड नव्हतं, तिचं दुखणं तुम्ही सात महिने चिकाटीनं शोधलंत. आईला तोंड होतं. तिनं चुलीपाशी बसून दोन वाक्यांत निदान सांगितलं होतं. तुम्ही फक्त महिनाभर घरात भाकरी होऊ द्यायला हवी होती. एकच वस्तू बंद, एकच सुरू. ती पद्धत तुम्ही मला शिकवलीत, नाना, आणि इतकी चांगली शिकवलीत की मला ती पन्नास वर्षं विसरता आली नाही.

पुढे जळगावला बदली झाली. मांजर आईच्या मांडीवर करंडीत बसून आली. केस चकचकीत, वजन चांगलं. आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जळगावला डॉक्टरांनी तिला रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि हलकं काही खायला द्या म्हणाले. हलकं म्हणजे काय ते तुम्ही ठरवलंत. रव्याची खीर, पाव, बिस्किटं, दूध-पोळी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि ते सगळं तिच्या पोटात माझ्याच हातून जात होतं.

गेल्या वर्षी माझी नात, सहा वर्षांची, अशीच वाळायला लागली. पोट तेवढं पुढं, हातपाय काड्या, कोपरांवर फोड. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिला गहू बंद, आयुष्यभर. मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का? आजी, पणजी?" माझा मुलगा म्हणाला, "नाही, कोणाला नाही." मी खुर्चीचा हात धरून बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं. नात आता ज्वारी-बाजरीची भाकरी खाते, शाळेत पळते. तिच्या कोपरांवरून मी रोज बोट फिरवते आणि दर वेळी तुमची चीड येते.

आता ती दुपार. तुम्ही जामनेरकडे फिरतीवर होतात. थंडीचे दिवस, आई खाटेवर उन्हात. मी परीक्षेचं वाचत होते. तिनं मला हाक मारली. "एक भाकर टाक ना माय," ती म्हणाली. "कळण्यानी नही तं ज्वारीनी. एकच."

मी म्हटलं, "घरात पीठ नाही. आणि नाना रागवतील."

"त्यासले नको सांगू."

पीठ शेजारी मिळालं असतं. शेजारणीच्या घरात रोज भाकरी थापल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि आई तो ऐकत असणार. मला उठायचं नव्हतं. मला भाकरी थापता येत नव्हती आणि ते शेजारणीला कळू द्यायचं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते थोडंसं नाटक वाटत होतं. मी सकाळची पोळी दुधात कुस्करली, साखर घातली आणि तिला चमच्यानं भरवली. ती नको म्हणाली नाही. मी भरवते आहे म्हणून तिनं सगळी खाल्ली. तासाभरानं ओकली, मग बराच वेळ पोट धरून कुशीवर पडून राहिली. बाराव्या दिवशी ती गेली.

तुम्ही त्या दुपारी घरात नव्हतात. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कोणालाच नाही. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही एकदा मला विचारलंत, "तुझी आई काही मागायची का गं शेवटी?" मी म्हटलं, नाही. त्याला तुम्ही माझा चांगुलपणा समजला असाल.

ही पानं पोस्टात टाकायची नाहीत, घडी करून कपाटात जातील. तुमच्यावर रागावणं सोपं आहे म्हणून तुम्हाला लिहिलं. पत्र खरं तर आईला लिहायचं होतं. तीन वेळा बसले. दर वेळी, तिला वाचता येत नव्हतं, असं स्वतःला सांगून उठले.