पोरानं दिलेले नव्वद

लांजी, १२ जानेवारी

ती. तेजरामदादास,
धाकट्या बहिणीचा, मैनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माहं बोलणं तुले समजत नाही आन् तू नुसता हौ हौ करत राह्यतं, मनून कागदच धरला. कॅन्सरच्या ऑपरेशनात जबडा अर्धा गेला, तवापासून जीभ शब्दाले पुरत नाही.

मंगळवारी वीरेंद्रसंगं नागपूरले तपासणीले गेलती. तिथं एक पोरगी कागद घेऊन बसली. ऑपरेशननंतर माणूस कसा जगून राह्यला, ते मोजते म्हणे. चावता येते का, दुखते का, हात वर जाते का, लोकांत मन लागते का, साऱ्याचे गुण. ती पाह्ये माह्याकडं आन् जवाब देई माहा पोरगा. आई एकदम बढिया हाय म्हणे. म्या त्याच्या पायाले पाय लावला, तं त्याले वाटलं मले तहान लागली. पाण्याची बाटली हातात देल्ली! शंभरातून नव्वद आले. घरी येऊन त्यानं पेढे वाटले.

दादा, त्या ऑपरेशनापासून माहा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सून नूतन बिचारी वेणी घालून देते. रविवारच्या बाजारातलं बांगड्यांचं दुकानही तिच्याच भरवशावर. मंग हे नव्वद कोणाचे? एका जागी बसवत नाही. उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

वहिनीले नमस्कार. माया हाय तशीच राहू दे.
तुही मैना

तिरोडी, २० जानेवारी

चि. मैनास,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आमी सारे खुशाल.

तुही चिठ्ठी वाचून राहवलं नाही. वीरेंद्रले फोन केला, तुह्या चिठ्ठीचं नाव न काढता. पहिले त्यानं हसून टाळलं. मंग बोलता बोलता पोट्ट्यानं खरं सांगतलं. मनला का मामा, खराब हाय म्हटलं आन् डाक्टरनं तिले पुन्हा ऑपरेशनले नेलं तं? मैना, तो खोटं बोलला ते भेवानं. मनून सांगतो, सध्या चूप राह्य, पोराचं मन राख. लहानपणी तुह्या बडबडीनं मले दुपारची झोप भेटत नव्हती. आता मीच तुले चूप म्हणून राह्यलो.

तब्येत सांभाळ. मायेत कमी पडू देऊ नको.
तुहा तेजराम

लांजी, १८ फेब्रुवारी

ती. दादास,
मैनाचा शि. सा. न.

तुहा सल्ला ऐकला नाही. वीरेंद्रचं भेव समजलं, पण दादा, भेव त्याचं आन् खांदा माहा.

या खेपेस नागपूरले त्याले खुणेनं बाहेर बसवलं. त्याचं तोंड उतरलं. ती पोरगी घाई न करता पुसत गेली. नाही समजलं तं पुन्हा पुसे. हात जेवढा जाते तेवढा उचलून दाखवला. चारचौघांत बसून जेवता का म्हणे. म्या सांगतलं, चुलीमागं, दाराकडं पाठ करून जेवते. पेज ओठातून गळते. हे कोणालेच सांगतलं नव्हतं. बेचाळीस आले.

डाक्टरनं गळा चाचपला, तोंड पाह्यलं. बिमारी वापस आली नाही म्हणे. खांद्यासाठी आन् तोंड उघडासाठी रोजची कसरत देल्ली. हे आधीच सुरू व्हाले पाह्यजे होतं म्हणे. वीरेंद्र बाजूले उभा राहून ऐकत होता.

गोंदिया येईपर्यंत तो गाडीत कसरतीचा कागद वाचत राह्यला. मंग एकदम मनला का आई, एवढा त्रास होता तं मले काहून नाही सांगतला. म्या मनलं, तू जवाब देत होता, पुसत कुठं होता? त्याले समजलं का नाही, माहीत नाही. माहं बोलणं अर्धंच निघते.

सकाळी पेज घेऊन बसली, तं तो आपलं ताट घेऊन समोर येऊन बसला. मले राग आला. जा मनलं, गेला नाही. पेज हनुवटीवर आली. त्यानं नजर वळवली नाही, पुसालेही हात पुढं केला नाही. जेवत राह्यला. मंग नूतनले हाक मारून मनला का अजून भात आन, मी आईसंगं जेवून राह्यलो.

कसरतीनं लय दुखते. मन अजून जाग्यावर नाही. पत्र पाठव, रागाचं असलं तरी चालते.
तुही मैना