‘इडिमिन्नल’ बसमध्ये चढण्यापूर्वी

मी, बेसिल पौलोस, वय तेवीस, धर्म सुरियानी ख्रिस्ती, धंदा मोटारगाड्यांना जादा दिवे, हॉर्न व स्विच बसवून देणे, राहणार कोदमंगलम, जिल्हा एर्नाकुलम, आज दारू न पिता, अंगात ताप नसताना आणि कोणी बखोट धरलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे काही नव्हते. आजही फारसे नाही. पण जे आहे ते पैली मुदलाळींच्या माणसांनी वर्कशॉपचे कुलूप तोडून उचलून न्यावे, अशी माझी इच्छा नाही.

दस्तलेखकांनी चष्म्यावरून बघत विचारले, "या वयात मृत्युपत्र? आजार काय?"

मी म्हटले, "टूरिस्ट बस."

त्यांना कळले नाही. म्हणून सविस्तर लिहितो. उद्या पहाटे मी पैली मुदलाळींच्या ‘इडिमिन्नल’, म्हणजे कडाडती वीज, या बसमध्ये दिवे सांभाळणारा म्हणून चढणार आहे. मुदलाळी म्हणजे मालक. त्यांना तसे म्हटलेले आवडते. माझ्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची सहल घेऊन ही बस ऊटीला चालली आहे. त्या सहलीत ॲन्सी जॉय आहे. आणि त्या बसमध्ये एक स्विच आहे.

हा स्विच ड्रायव्हरच्या सीटखाली लपवलेला असतो. आमच्या धंद्यात त्याला साहेब-स्विच म्हणतात. परिवहन खात्याचे साहेब रस्त्यात उभे दिसले की ड्रायव्हर तो खाली करतो. आत रिले, म्हणजे स्विचच्या हुकमाने वीज जोडणारा-तोडणारा डबा, टक् करतो आणि छतावरचे लेझर, कडेचे निळे-जांभळे पट्टे, गाणारा हॉर्न, सगळे मेल्यासारखे गप्प होते. त्याच झटक्यात बसचा वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर पुन्हा जोडला जातो. साहेब मागे पडले की स्विच वर. गव्हर्नर तुटला, बस मोकळी, पोरे नाचायला मोकळी. हा स्विच बसवायला मी नकार दिला, म्हणून मुदलाळींनी बाहेरगावचा वायरमन आणून बसवून घेतला. त्याचे काम मी पाहिले आहे. सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या, सांध्यांवर सेलोटेप. मला उलटी आली नाही ती सकाळपासून काही खाल्ले नव्हते म्हणून.

कलम १. आजीकडून माझ्या नावे आलेली घराची जागा, त्यातले फणसाचे झाड, पत्र्याचे वर्कशॉप आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, सर्व माझ्या अम्मच्चीला, म्हणजे आईला द्यावे. फणस पिकले की शेजाऱ्यांना वाटावेत. पैली मुदलाळींच्या घरी एक गराही जाऊ नये. अम्मच्चीला शेजारधर्म सुचलाच, तर कच्चा पाठवावा. माझी शवपेटी ज्या गाडीतून चर्चला जाईल तिला लुकलुकणारे दिवे असू नयेत. असल्यास मी तिच्यातून जाणार नाही, मला खांद्यावर न्यावे.

कलम २. वायरींची टोके दाबून बसवायची क्रिम्प-पकड, सोल्डरिंग आयर्न, मीटर, टेस्ट लॅम्प आणि न वापरलेले सगळे रिले वर्की आशान यांना द्यावेत. आशान माझे उस्ताद. कॉलेज सोडून मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "शिकायचंय की लपायचंय?" दोन्ही, असे मी म्हटले होते. "मग झाडू घे," असे ते म्हणाले. उघड्या सांध्यावर नुसती टेप गुंडाळलेली दिसली की आशान म्हणतात, "ही टेप नव्हे रे, लंगोट आहे. आत काय आहे ते साऱ्या गावाला कळतं." एवढे बोलून ते ती कापतात आणि पहिल्यापासून करतात. माझ्या ओळखीत किळस येऊनही हात न थांबणारा हा एकच माणूस आहे. मला ते जमत नाही. मी आधी ओरडतो.

कलम ३. वर्कशॉपच्या मागच्या दाराशी जळलेल्या स्विचांची एक बादली आहे. ती, "रिले कशाला, डायरेक्ट जोड" असे आजवर मला म्हणालेल्या सर्व गिऱ्हाइकांना समाईक द्यावी. यांना छतभर दिवे हवेत, पण सगळे एका बोटाएवढ्या स्विचवर. मध्ये रिले नको, फ्यूज नको. स्विच म्हणजे फक्त हुकूम, भार रिलेने उचलायचा, हे मी समजावून समजावून थकलो. वायर हाताला चटका देईपर्यंत तापते, प्लास्टिक वितळते, आणि हे म्हणतात, "माल खराब दिलास." बादलीला वास येतो. तो वास त्यांचाच आहे, आपापसात वाटून घ्यावा.

कलम ४. बस ज्याच्या हाती आहे तो ड्रायव्हर रेजी, याला मी काही देणे लागत नाही. तरी नोंद असावी म्हणून लिहितो. मी त्याला तोंडावर सांगितले की गव्हर्नर तोडून पोरांना घाटात नेऊ नकोस. तो सुपारी चघळत म्हणाला, "कॉलेजात काय दिवे लावलेस ते ठाऊक आहे मला. आता बसमध्ये लाव. गाडी मी चालवतो." सगळे क्लीनर हसले. पुढे मी मुदलाळींकडे गेलो. ते पोरोटा खात होते. "पोरा," ते म्हणाले, "वेग बांधलेली बस कोण घेतं भाड्यानं? मुलं दिवे बघून बस ठरवतात, ब्रेक बघून नाही." हे मात्र खरे आहे, आणि म्हणूनच मला त्या पोरोट्याचीही किळस आली.

मग मी परिवहन खात्यात लेखी तक्रार केली. साहेब स्वतः मुदलाळींच्या आवारात आले. ते फाटकातून आत येईपर्यंत रेजीने स्विच खाली केला होता. बस अशी साधी, सोज्वळ उभी, जणू चर्चमध्ये नवरी. साहेबांनी चालवून पाहिली, गव्हर्नर चोख. त्यांनी विचारले, "या मुलाचं तुमच्याशी काही वैर आहे का?"

मुदलाळी म्हणाले, "वैर कसलं साहेब, प्रेमप्रकरण आहे. ती सहलीला जातेय, हा नाही."

साहेबही हसले. सीटखाली हात घाला, असे मी ओरडत राहिलो आणि मला दोघांनी धरून बाहेर काढले.

वरील मुदलाळींना ‘इडिमिन्नल’चे चित्र असलेला त्यांनी मला दिलेला टी-शर्ट परत करावा. न धुता.

कलम ५. माझी मोटारसायकल ॲन्सी जॉय हिला द्यावी. गाडीचे वायरिंग मी माझ्या हाताने केलेले आहे. प्रत्येक वायर वेगळ्या रंगाची, प्रत्येक दिव्याला त्याचा फ्यूज. माझ्याकडे याहून स्वच्छ काही नाही. ॲन्सीला मोटारसायकल येत नाही. तिने शिकावी. न शिकल्यास अंगणात उभी करावी आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ती रोज पुसावी, अशी अट मी घालतो.

ॲन्सी माझी प्रयोगशाळेतली जोडीदार होती. पहिल्यांदा रिले हातात आला तेव्हा सगळ्यांनी मीटर लावला, तिने तो कानाशी धरला आणि म्हणाली, "अरे, हा बोलतो!" मी त्या दिवशीच संपलो. पुढे विभागप्रमुखांशी भांडण झाले, मी हजेरीपुस्तक खिडकीतून फेकले आणि कॉलेज सोडले. पुस्तकाचे मला आजही काही वाटत नाही. तिच्या शेजारचे स्टूल रिकामे झाले, त्याचे वाटते.

परवा मी तिला कॉलेजच्या फाटकाशी गाठले आणि या बसने जाऊ नकोस म्हणून सांगितले. ती म्हणाली, "तुला माझी काळजी आहे की रेजीचेट्टनचा राग?" चेट्टन म्हणजे दादा.

"दोन्ही."

"मग आधी एक काय ते ठरव. आणि ऐक, शेवटच्या वर्षाला एकदाच सहल असते. तू तर वर्षच सोडून गेलास. मी पण सोडू?"

ओरडून भागले नाही की मी काहीतरी करतो. तेच खाली लिहितो.

कलम ६. मी मुदलाळींकडे जाऊन डोके खाली घातले. चुकलो म्हणालो, सहलीत दिवे फुकट सांभाळतो म्हणालो. फुकट म्हटल्यावर त्यांचे मन मोठे झाले. काल दिवे तपासायला म्हणून त्यांनी मला बसमध्ये सोडले. रिले मी काढला नाही. काढला असता तर रेजीला लगेच कळले असते. गव्हर्नरच्या वायरी मी रिलेवरून सोडवल्या, डॅशबोर्डच्या मागे एकमेकींना सोल्डर करून, नळी चढवून, मुख्य जुडग्यात बांधून टाकल्या. म्हणजे ज्या शब्दाची मला शिसारी येते, तेच मी केले. गव्हर्नर डायरेक्ट जोडला. आता स्विच कसाही करा, स्विचवरचा लाल दिवा लागेल, टक् ऐकू येईल, दिवे नाचतील, पण बस ठरल्या वेगाच्या पुढे जाणार नाही.

रेजीला हे कोइमतूरच्या हमरस्त्यावर कळेल. तो स्विच वरखाली करेल, शिव्या देईल, आणि मग बसमध्ये वायरमन एकच आहे हे त्याच्या लक्षात येईल. त्यापुढे घाट आहे, आणि रेजीच्या सीटमागे चाकाचा लोखंडी पाना. त्याने तो एकदा एका क्लीनरवर वापरलेला आहे. मी बसमध्ये नसलो तर तो वाटेत कुठल्याही गॅरेजमध्ये वायरी तोडून घेईल. असलो तर आधी त्याला माझ्याशी बोलावे लागेल. म्हणून मी चढणार आहे, आणि म्हणून हे लिहिले आहे.

जोडणी. वरील मजकूर पुरा झाल्यावर कलम ५ मधील व्यक्तीच्या वडिलांचे व घराचे नाव बरोबर आहे का, हे दस्तलेखकांनी तिला फोन करून विचारले. हे त्यांनी मला न विचारता केले. ॲन्सी स्वतः आली. वर्की आशान साक्षीसाठी आधीच बसलेले होते. तिने सगळे उभ्याने वाचले.

"खरंच जोडलास?"

"जोडला."

"मग हे आधी का नाही सांगितलंस? फाटकाशी नुसता ओरडत होतास."

"तेव्हा जोडला नव्हता."

आशान खोकल्याचे निमित्त करून हसले. ॲन्सी म्हणाली, "उद्या केबिनमध्ये पुढच्या सीटवर मी बसणार. रेजीचेट्टननं खाली हात घातला की सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारणार, ‘चेट्टा, हा स्विच कसला?’ विचारतच राहणार. तुझ्यासारखी ओरडून नाही. गोड आवाजात."

मग तिने दस्तलेखकांचे पेन घेतले आणि साक्षीदाराच्या जागी टेकवले. ते घाईने म्हणाले, "पोरी, थांब. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्यानं साक्षीची सही केली तर त्याचं देणं बुडतं. कायदा आहे. दुसरा साक्षीदार बघू."

"बुडू दे," ती म्हणाली. "हा मेला तर मला काही म्हणजे काही मिळायला नको." आणि सही केली.

दस्तलेखक म्हणाले, नवे पान लिहू. मी नको म्हणालो.

ठिकाण: कोदमंगलम
दिनांक: २१ नोव्हेंबर २०१९

लिहून देणार: बेसिल पौलोस (सही)

साक्षीदार १: वर्की आशान (सही)

साक्षीदार २: ॲन्सी जॉय (सही). हिच्या सहीने कलम ५ रद्द झाले, हे मला वाचून दाखवण्यात आले, समजले, आणि मला ते मनापासून मान्य आहे.