दवाखान्यात सांगितलेलं दुखणं

नागभीड
मंगळवार, दुपार

प्रिय दिवू,

पत्र बघून हसली असशील. हातात फोन असताना ताईला हे काय सुचलं, असं वाटलं असेल. पण तुझा फोन म्हणजे कठीणच आहे. मी मुद्द्यावर आले की तू "नंतर बोलते" म्हणून ठेवतेस, आणि तुझं ते 'नंतर' काही उजाडत नाही. तुझंही खरं आहे म्हणा. चार जणींची खोली, एका पलंगावर बोललेलं चौथ्या पलंगापर्यंत जातं. मेसेज करावा तर तुझा फोन खोलीतली मयुरी आपलाच समजून वापरते. म्हणून लिहायला बसले. शाळेत पहिलीच्या पोरांची चाचणी चालू आहे, निम्मी पोरं पाटीवर हत्ती काढताहेत, त्यांना काढू दे. घरी लिहिलं असतं तर आई शेजारी येऊन बसली असती आणि तिच्या तोंडाकडे बघून मी अर्ध्या गोष्टी गाळल्या असत्या.

मागच्या आठवड्यात मयुरीने मला फोन केला होता. तिच्यावर अजिबात चिडू नकोस, आधी सांगते. अशी मैत्रीण नशिबाने मिळते. ती म्हणाली, "ताई, दिव्यानीले महिन्यातून तीनदा पाळीचा त्रास होते. कॉलेजच्या दवाखान्यातली सिस्टर तिले गोळी देते, गरम पाण्याची पिशवी देते, अन् ही भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. आता डोळे बी पिवळे दिसून राह्यले. तिले काही हाय का? मले खरं सांगा." मी तोंड उघडायच्या आत आईने फोन हातातून घेतला आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली, "काई नाई ओ बाई, तिले लहानपणापासूनच पाळीचा त्रास हाय." लहानपणापासून पाळी! आपल्या आईला धड खोटंही बोलता येत नाही. मला आधी हसू आलं. मग मी मागच्या अंगणात गेले आणि धानाच्या पोत्यांवर बसून रडले.

कारण मला कळलं होतं ना, तुझं काय चाललंय ते. मांड्या आणि पाठ फुटत असेल आणि तू हात ठेवत असशील पोटावर. मुलींच्या होस्टेलात एकीने पोटावर हात ठेवला की पुढे कोणी विचारत नाही, हे तुला बरोबर सापडलं. हुशार तर तू आहेसच. पण महिन्यातून तीनदा पाळी कोणाला येते गं? त्या सिस्टरच्या हाताखालून रोज किती पोरी जात असतील, तिने तरी किती लक्षात ठेवायचं. डॉक्टर मॅडम दुपारी येतात, रांग लागलेली असते, मुलगी सांगेल तेच त्यांना खरं धरावं लागतं. होस्टेलला प्रवेश घेताना तपासणी झाली तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं होतं, जुना काही आजार आहे का. तूच मला हसत सांगितलं होतंस की मी 'नाही' म्हटलं. मग रक्त कमी निघालं म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बरोबरच केलं त्यांनी, त्यांना माहीत कुठे होतं की हे रक्त कमी होणं वेगळं आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आणि आपल्या सरकारी दवाखान्यातून आणलेली रोजची गोळी घेतेस का? मयुरी म्हणते तिने तुझ्याकडे तशी डबी कधी पाहिली नाही. डबी दिसेल म्हणून बंद केलीस ना? पाणी पितेस का? संडास लांब आहेत, सकाळी रांग असते, म्हणून सगळ्याच मुली पाणी कमी पितात, असं तू गणपतीला आली होतीस तेव्हा बोलली होतीस. सगळ्यांचं निभेल, तुझं नाही निभणार. या थंडीत गार पाण्याने आंघोळ करतेस का, तेही सांग. मला रोज सकाळी उठल्या उठल्या हेच डोक्यात येतं. दूध उतू जातं, आई ओरडते, आणि मी चंद्रपूरच्या त्या न पाहिलेल्या न्हाणीघरात उभी असते.

तू हे सगळं कोणासाठी करतेस ते मला माहीत आहे. माझ्यासाठी. तू कॉलेजला गेलीस तेव्हा माझ्यासाठी मुलगा बघणं सुरू झालं होतं, आणि आईने तुझ्या बॅगेतून सिकलसेलचं कार्ड काढून कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली होती. तिलाही एकदम वाईट ठरवू नकोस. आत्याच्या संघप्रियाचं ठरलेलं लग्न कसं मोडलं ते तिने डोळ्यांनी पाहिलंय. संघप्रियाला काहीच नव्हतं, तिच्या भावाला होतं, तरी मोडलं. तेव्हापासून सिकल हा शब्द आपल्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्यात पत्रिका बघत नाहीत, हे बाबा किती अभिमानाने सांगतात. आता पत्रिकेच्या जागी रक्त आलं. विचारावं, माझी काही तक्रार नाही, दोघांचं रक्त बघूनच लग्न ठरवावं. पण लोक ते चोरून काढतात, ह्याला विचार, त्याला विचार, आणि घरात एकाला निघालं की सगळ्या घरावर काट मारतात.

मग दिवाळीनंतर आपल्याकडे मंडईची जत्रा झाली. नेहमीसारखे पाहुणे आले, नाटकाला गेले, आणि परत येताना आईच्या मावसबहिणीने प्रणितचं स्थळ सुचवलं. सिंदेवाहीचे लोक, मुलगा वीज खात्यात लाईनमन, नोकरी कायमची. तू फोनवर किती चिडवलं होतंस मला, ताईच्या घरची लाईट कधी जाणार नाही म्हणून. तो मला आवडला, दिवू. तुला नाही सांगणार तर कोणाला सांगू. मोठ्या बढाया मारत नाही, स्वतःच्या आईच्या ताटात आधी भाजी वाढतो. माझं हे ठरत होतं आणि तू तिकडे भिंतीकडे तोंड करून दात आवळत होतीस.

मयुरीचा फोन आल्यापासून मला विक्कीच आठवतो. आपल्या आळीतला, आयटीआयला गेलेला. त्यालाही हेच होतं आणि त्याच्याही घरच्यांनी हेच सांगितलं होतं, कोणाजवळ बोलू नको. दुखणं उठलं तेव्हा तो धड चालू शकत नव्हता, झोकांड्या जात होत्या, आणि खोलीतल्या पोरांना वाटलं की हा पिऊन आला. चांगली पोरं होती ती. त्याच्यावर ओरड होऊ नये म्हणून त्यांनी त्याला पांघरूण घालून झोपवला आणि रेक्टरला कळू दिलं नाही. सकाळी दवाखान्यात नेला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याची आई अजून मला रस्त्यात थांबवते आणि तुझी चौकशी करते, "दिव्यानी बरी हाय न?" मी "हो मावशी, मस्त हाय" म्हणून पुढे सटकते. मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

तू बारकी होतीस तेव्हाचं तुला आठवत नसेल. थंडीत रात्री उठायचीस, पाय दुखतात म्हणून. आपल्या कोणाला काय माहीत, वाढत्या वयात दुखतात, असं आजूबाजूचे म्हणायचे. आई मोहाच्या बियांचं तेल कोमट करायची आणि मी तुझे पाय चोळायचे. चोळता चोळता मला झोप लागायची आणि तू मला लाथ मारून उठवायचीस. लाथ मारण्याइतकं बरं वाटतंय, म्हणून आई खूश व्हायची. पुढे शाळेत रक्त तपासायला लोक आले, तुझं निघालं, माझंही अर्धं निघालं, तेव्हा तू विचारलं होतंस, ताईचं अर्धं आहे तर माझं उरलेलं अर्धं तिला देता येत नाही का. सगळे हसले. बाबा तेवढे उठून बाहेर गेले.

परवा रविवारी प्रणित आणि त्याच्या घरचे साक्षगंधाची तारीख काढायला आले होते. आईने पहाटेपासून वडे तळले, धोप्याच्या पानांच्या वड्या केल्या, बाबांना नवा सदरा घालायला लावला. जेवणं छान झाली. नथ्थूजींनी, म्हणजे प्रणितच्या वडिलांनी, रश्श्याची दोनदा तारीफ केली. मग त्याच्या आईने, गिरजाबाईंनी, सुपारी कातरता कातरता विचारलं, "तुमची लहानी पोरगी कुठी हाय जी?" आई म्हणाली, "चंद्रपूरले शिकते, होस्टेलात राह्यते." त्यांनी विचारलं, "बरी हाय न तब्येत तिची?" साधी चौकशी असेल, नसेलही. आई "हो हो" म्हणायला लागली आणि मला मयुरीचा आवाज ऐकू आला, मले खरं सांगा. मी म्हटलं, नाही, बरी नाही. तिला सिकलसेल आहे, पूर्ण. माझं अर्धं आहे, त्याने मला काही होत नाही. पण तुमच्या मुलाचंही अर्धं असलं तर पुढे आम्हाला होणाऱ्या पोराला होऊ शकतं. त्यांचं तपासलंय का?

आईच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला. नथ्थूजी म्हणाले, "आमच्या खानदानात असं काई नाई." मी म्हटलं, आमच्याही नव्हतं, तपासेपर्यंत. एवढं उद्धट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. गिरजाबाई अडकित्ता खाली ठेवत म्हणाल्या, "पोरीनं सांगतलं हे बरं केलं, पण आमाले इचार करा लागन." मग "कळवतो" म्हणून उठले. आपल्याकडे कळवतो म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे, मलाही आहे. प्रणित चपला घालताना मागे राहिला आणि खाली बघतच त्याने विचारलं, "ते तपासणी कुठी होते?" मी सांगितलं, सरकारी दवाखान्यात, पैसे लागत नाहीत. त्याने मान हलवली आणि गेला. त्यानंतर ना फोन ना निरोप. मी दर थोड्या वेळाने फोन उलटा करून बघते, हेही खरं आहे. आई माझ्याशी कालपर्यंत बोलली नाही. आज सकाळी मात्र डबा भरून देताना म्हणाली, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून का उजाडाचं राह्यते?" आणि कपाट उघडून साड्या खाली काढायला लागली.

तर दिवू, आता लपवायला काही उरलेलं नाही. माझं लग्न व्हायचं असेल तर तुझ्यासकट होईल, नाही तर मला ते नको, आणि हे मी रागाने नाही, नीट विचार करून लिहिते आहे. हे पत्र मी बाबांजवळ देऊन पाठवते आहे. तुला ते होस्टेलच्या मावशींनी वर आणून दिलं असेल, कारण पुरुषांना वर सोडत नाहीत. खाली गेटजवळ बाबा बसले आहेत. त्यांच्या पिशवीत तुझं कार्ड आहे, जुने सगळे रिपोर्ट आहेत आणि रोजच्या गोळ्या आहेत. आपल्याच्याने डॉक्टर मॅडमशी बोलणं होणार नाही, रडू येईल, असं ते म्हणाले, म्हणून बोलायचं तुलाच आहे. मॅडमला सांग, सिस्टरला सांग, वॉर्डनला सांग, आणि खोलीतल्या तिघींना सांग, दुखायला लागलं की पांघरूण घालू नका, उचलून न्या म्हणावं. उद्या नाही, परीक्षा झाल्यावर नाही. मॅडम दुपारपुरत्याच असतात. हे पत्र पुन्हा वाचत बसू नकोस, चप्पल घाल आणि खाली जा. बाबांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसेल.

तुझी लाथ खायला केव्हाही तयार असलेली,
तुझीच
खुशबूताई