राहिलेली पाचवी गोळी

निमगाव सावा, ता. जुन्नर
२८ मार्च २००२

माझे जुने मित्र दलीचंदशेठ यांना रखमाजीचा रामराम आणि जय जिनेंद्र.

तुमचं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर लिहायला शिमगा उजाडला, याची आधी माफी असावी. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला, कारण दर वेळी ‘मशीन सुखरूप आहे’ या वाक्यापाशी हात थांबायचा. तुमच्या उजव्या हाताचं आता कसं आहे? बोटं वळतात का? डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबता, की धापूवहिनी खोलीत आल्या की तेवढ्यापुरता दाबता? वहिनींचे गुडघे, चिरंजीव जिनेशचं दुकान आणि तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट (ती मध्येच अडकते असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून मला घोर लागला आहे, आतून हाक मारली तर बाहेर ऐकू येते का, हे एकदा तपासून ठेवा) या सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे माझी छाती धडधडते, पण ती १९८० सालापासूनच धडधडते आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

ठाऊक असलं तरी पुन्हा लिहितो. हे पत्र उद्या जिनेशच्या किंवा एखाद्या साहेबाच्या हाती पडलं तर त्यांना मागचंपुढचं समजलं पाहिजे. तुमच्या मंचरच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी ते गोळीचं मशीन होतं. (आमची सून शीला म्हणते, त्याला पिनबॉल म्हणतात. ती बारावी झालेली आहे.) दांडी ओढून स्टीलची गोळी सोडायची, ती वर जाऊन ठोकरा खात खाली येणार, आणि दोन्ही बगलांची बटणं दाबून दोन फळ्यांनी तिला परत वर हाणायचं. प्रत्येकाला पाच गोळ्या. आपण दोघं तोवर अरे-तुरेतले. बाजाराच्या दिवशी भर दुपारी पैज लागली, की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला जन्मभर ‘अहो’ म्हणायचं आणि जिंकणाऱ्यानं त्याला चारचौघांत ‘अरे’ म्हणून हाक मारायची. तुमच्या पाचही गोळ्या झाल्या, आकडा लागला ४१,३७०. माझ्या चार झाल्या, आकडा ४१,२९०. पाचवी गोळी दांडीपुढे येऊन बसली, मी हात धोतराला पुसला, आणि लाईट गेली. दोन दिवसांनी आली तेव्हा मशीनमधून जळका वास निघाला आणि ते मुकं झालं. तेव्हापासून निकाल लागेपर्यंत सावधगिरी म्हणून आपण दोघंही एकमेकांना अहो-जाहो करतो. बावीस वर्षं झाली.

पुढे रस्ता रुंद झाला, हॉटेल पाडलं, आणि मशीन तुम्ही माझ्याकडे ठेवलंत. ‘रखमाजीराव, आकड्यांना हात लागता कामा नये,’ एवढंच म्हणालात. लागलेला नाही. ते आकडे चाकांवर कोरलेले आहेत, लाईट असो-नसो, जागचे हलत नाहीत. फक्त नवा डाव सुरू करायचं तांबडं बटण दाबलं तर सगळे शून्यावर जातात. त्या बटणावर मी अकरा वर्षं चिकटपट्टी लावून ठेवली आहे. आता तुम्ही लिहिता, की जिनेशनं पुण्यातलं गिऱ्हाईक गाठलं आहे, त्यांना बंगल्यात जुन्या वस्तू मांडायची हौस आहे, पाडव्याला ते स्वतः बघायला येणार आणि मशीन चालू पाहिजे. चालू! शेठ, ते वाचून मी पत्र उलटं करून पाहिलं, मागे काही वेगळं लिहिलं आहे का म्हणून.

आता खरं ते सांगतो, रागावू नका, तुम्हाला राग चांगला नाही. मशीनची वरची काच काढून आमच्या कारभारणीनं, ठकूबाईनं, दर उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळवल्या. काच शाबूत आहे. खालच्या खोक्यात एक कोंबडी बसायची. तिला मी हाकलायचो, पण ती माझ्याहून लवकर उठायची. आणि समोरच्या उभ्या काचेवर जी विलायती बाई रंगवलेली आहे (तिच्या अंगावर कपडा बेताचा आहे हे तुम्हीही कबूल कराल), तिला ठकूबाईनं टेम्पोवर नावं काढणाऱ्या पेंटरकडून लांब बाह्यांचा पोलका घालून घेतला. पोलका चांगला जमला आहे. मात्र रंगवताना एक थेंब तुमच्या आकड्याच्या खिडकीवर पडला आणि सातावर असा बसला, की ४१,३७०चे लांबून ४१,३१० दिसायला लागले. तसं दिसलं तर माझाच फायदा होता, म्हणूनच मी घाबरलो. लोक म्हणाले असते, रखमाजीनं केलं. ब्लेडनं खरवडून तुमचा सात जसाच्या तसा मोकळा केला, तेव्हा मला जेवण गेलं.

दुरुस्तीला बोरी बुद्रुकच्या गेणभाऊला आणलं. तो विहिरीवरच्या मोटारींचं रिवायंडिंग करतो. त्यानं खोकं उघडलं, बॅटरी मारली आणि आत डोकं घातलं. मग म्हणाला, “पावणं, हे एक मशीन न्हाई, पंधरा मोटारींचं गाव हाय. आन् गावात उंदरांनी तारा कुरतडल्यात.” तरी तो नेटानं बसला. रोज संध्याकाळी येऊन एकेक तार जोडायचा आणि मी शेजारी उभा राहून विचारायचो, आकडे हलणार नाहीत ना? आठव्या दिवशी तो म्हणाला, “भाऊ, तुमी बाहेर बसा. आकडे नाय हलनार, माजा हात हलतोय.” फळ्यांच्या दोन कॉइली जळलेल्या होत्या, त्या त्यानं नव्यानं गुंडाळल्या, पण घरात होती ती पाच अश्वशक्तीच्या मोटारीची जाड तार वापरून. आकड्यांच्या तारा सोडून ठेवून चाचणी घ्यायची ठरली. खरी गोळी मी हातात घेऊ देईना, म्हणून फळीवर लिंबू ठेवलं. ते लिंबू शेठ, छपराच्या पत्र्याला लागून परत आलं आणि ठकूबाईच्या परातीत पडलं. ती म्हणाली, “पिळून बी द्या आता.” गेणभाऊनं कॉइली पुन्हा बारीक तारेच्या केल्या.

खरा घात त्यानंतर झाला. मशीन नीट सरळ उभं असावं म्हणून मी भागू गवंड्याला बोलावलं. (घर बांधायचं तर आधी पातळी, मग मशीनला का नको, असं मला वाटलं. मी सातवीपर्यंतच शिकलो.) भागूनं काचेवर पाणसळ ठेवली, बुडबुडा पाहिला आणि हसला. मागचे पाय पुढच्यापेक्षा चांगले तीन बोटं उंच निघाले. म्हणाला, विलायतेत गवंडी कच्चे दिसतात. पुरावा म्हणून त्यानं आतलं एक लोंबतं वजन दाखवलं, पितळी कड्यात सोडलेलं, हुबेहूब ओळंबा. बघा, म्हणाला, ओळंबा लावलाय म्हणजे मशीन सरळच पायजे. मला पटलं. त्यानं मागचे दोन्ही पाय करवतीनं कापले. बुडबुडा मधोमध आला. गेणभाऊनं भिंतीवरचं लाईटचं बटण दाबलं आणि काचेवर एकच तांबडा दिवा लागला, इंग्रजी अक्षरांचा. बाकी सगळं मेलेलं. शीलानं वाचून सांगितलं, की मशीन म्हणतंय, मी कलंडलोय.

भागूला ते फार लागलं. “तीस वर्सं घरं बांधतोय, येक भित कलली न्हाई, आन् हे पत्र्याचं खोकं मला शिकवनार?” असं म्हणून तो चहा न घेता गेला. मग दुसऱ्या दिवशी मोठी पाणसळ घेऊन आला. पुन्हा सरळ केलं, पुन्हा तोच दिवा. असं चार दिवस. जितकं सरळ करावं तितकं ते कलंडलो म्हणून ओरडायचं. पाय कापले गेले, पाडवा जवळ आला, मला रात्रंदिवस एकच दिसायचं: तुमचा जिनेश दारात, मागे गिऱ्हाईक, आणि मी करवत लपवतो आहे.

पाचव्या दिवशी सकाळी कांद्याला पाणी देत होतो. दंडातून पाणी वाफ्यात शिरलं आणि आपोआप खालच्या टोकाला गेलं, आणि मी तसाच खोरं टाकून घरी पळालो. अहो, वाफा बसायच्या पाटासारखा सपाट केला तर पाणी पुढे जाईल कसं? गोळी खेळणाऱ्याकडे परत यायची तर जमिनीला उतार नको का! पन्नास वर्षं पाण्याला उतार देतोय आणि हे मला कोणी पाय कापायच्या आधी सुचवलं नाही. मागच्या पायांखाली एकेक वीट सारली, वर लाकडाची चकती दिली. आतला ओळंबा जो कड्याला टेकून बसला होता तो सुटून मधोमध लोंबायला लागला. तो कड्याला टेकला की मशीन कलंडलं असं समजतं, एवढंच होतं ते. गेणभाऊनं बंद करून चालू केलं. तांबडा दिवा गेला. आणि शेठ, त्या विलायती बाईच्या पोलक्याखालून बारीक बारीक पिवळे दिवे उजळले आणि शीलानं हळू वाचलं: खेळाडू दुसरा, गोळी पाचवी.

बावीस वर्षं ते माझी वाट बघत होतं. तुमचे ४१,३७०, माझे ४१,२९०, दांडीपुढे गोळी.

दांडीला मी हात लावला नाही. तिथल्या तिथे शीलाकडून पंचनामा लिहून घेतला, दोन्ही आकडे अक्षरी, गोळीची जागा, विटा दोन; पंच म्हणून गेणभाऊ आणि भागूच्या सह्या, ठकूबाईचा अंगठा. तेव्हा मशीन चालू आहे, सुखरूप आहे, आणि जिनेशनं पाडव्याला गिऱ्हाईक आणायला हरकत नाही. सर्वांना नमस्कार.

तुमचा,
रखमाजी

ता. क. गिऱ्हाईक आणायला हरकत नाही असं वर लिहिलं, ते रीत म्हणून लिहिलं. माझी हरकत आहे. निदान तुम्ही आधी येऊन जा. पाचवी गोळी माझी असली तरी ती तुमच्यासमोर सुटली पाहिजे. उजव्या हाताची काळजी करू नका, मशीनला दोन बगला आहेत. डावं बटण तुम्ही डाव्या हातानं दाबा, उजवं मी दाबतो. तुम्ही मुद्दाम चुकवलंत तरी मी काही म्हणणार नाही. (म्हणेन, पण हळू.)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो, अक्षर समजून घ्या. बंद केलं आणि पुन्हा लागलंच नाही तर, या भीतीनं मी आज सकाळपासून मशीन चालूच ठेवलं होतं. ठकूबाई काच पुसायला गेली. तिच्या पदरात दांडी अडकली. ती मागे सरली, गोळी सुटली. मी गोठ्यातून पळत येईपर्यंत तिनं उंदराला हाणावं तशी दोन्ही बटणं दाबून घेतली होती आणि गोळी खाली गडप झाली होती. नव्वद मिळाले. माझा आकडा आता ४१,३८० आहे. तुमच्यापेक्षा दहा जास्त.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. हा निकाल तुम्ही मानू नका. ठकूबाई म्हणते, “गोळी म्या मारली, मंग दोगांनी बी मला अहो म्हना.” भागू तिच्या बाजूनं आहे. तुम्ही ताबडतोब लेखी हरकत पाठवा, की पंचनाम्यातल्या पंचानंच गोळी मारली, सबब डाव रद्द, दहाही गोळ्या पहिल्यापासून, दोघांनी समक्ष निमगावात खेळायच्या. आणि वाद मिटेपर्यंत मशीन जागचं हलवू नये. सही डाव्या हाताची चालेल. अशी लेखी हरकत बघितल्यावर जिनेशलाही ते विकता यायचं नाही. पण हरकत पाडव्याच्या आत पोचली पाहिजे. नाही पोचली तर मी जिंकलो असं होईल आणि मला तुम्हाला चारचौघांत ‘अरे’ म्हणावं लागेल. मी आत्ता गोठ्यात जाऊन एकट्यानं म्हणून पाहिलं. नाही जमत, शेठ. लवकर कळवा.